मूल सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?



संध्याकाळची वेळ आहे. आई शेतावरून नुकतीच घरी आली आहे. घरात पाणी नाही. स्वयंपाक व्हायचा आहे. थोरला मुलगा अजून बाहेरच उंडारतो आहे. तान्हे मूल दुपारपासून किरकिर करते आहे. आई त्याला घेते, पाजते, जोजवते. तरी ते गप्प राहत नाही. इतक्यात मधल्याच्या हातून दुधाचे भांडे सांडते. आईचा हात उठतो. फाडकन आवाज होतो. पोर कळवळते.

रात्री ते पोर मुसमुसत झोपी जाते. त्याच्या गालावर बोटे उमटलेली असतात. आई त्याच्या अंगावर गोधडी घालते. डोक्यावरून हात फिरवते. तिच्याही डोळ्यांत पाणी येते.

ही आई दुष्ट आहे काय? नाही. मूल तिला नकोसे झाले आहे काय? तेही नाही. मग हात का उठला? दूध तर पावशेरच सांडले होते. पण राग त्या दुधाचा नव्हताच. दिवसभराचा शीण, उसनवारीची चिंता, अपुरी झोप, आणि मदतीला कोणी नाही, हे सगळे त्या एका चापटीत उतरले. वड्याचे तेल वांग्यावर निघाले.

एका बापाचा प्रश्न

मी पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले. माझ्याही हातात छडी असे. ती वापरली नाही असे मी म्हणणार नाही.

एक मुलगा रोज उशिरा येई. मी त्याला छड्या मारल्या. तरी तो उशिराच येई. शेवटी मी त्याच्या घरी तक्रार घेऊन गेलो. बापाने माझे बोलणे ऐकले. मग त्याने माझ्या देखत पोराला गुरासारखे बडवले. मी मध्ये पडलो तेव्हा तो थांबला. घामाघूम होऊन खाली बसला आणि म्हणाला,

“गुरुजी, आमच्या बापानं आमाला असंच वाढवलं. दुसरं काय करायचं असतं, ते तुमी तरी सांगा.”

मला उत्तर देता आले नाही. मीही तेच करीत होतो. चार दिवसांनी तो मुलगा शाळेत यायचा बंद झाला. त्याची आई अंथरुणाला खिळली होती, आणि धाकट्या बहिणीला खाऊ घालून तो निघत असे, हे मला नंतर कळले. मी आधी विचारलेच नव्हते.

त्या बापाचा प्रश्न खोटा नव्हता. “मारू नका” असे सांगणे सोपे आहे. पण मारायचे नाही तर करायचे काय? आणि हे शिकवणार कोण? जगात काही लोकांनी याच प्रश्नाचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. त्यांना काय सापडले, ते आज आपण पाहू.

मार किती घरांत?

आपल्या देशात भारत सरकारने एक मोठी पाहणी केली. तिचा अहवाल २००७ साली निघाला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना माणसे जाऊन भेटली. त्यांत शंभरांपैकी ६९ मुलांनी सांगितले की आम्हांला मारहाण झाली आहे. ज्यांना घरच्या माणसांनी मारले होते, त्यांतील बहुतेकांना मारणारे आईबापच होते.

म्हणजे हा एखाद्या वाईट घरचा प्रश्न नाही. तो आपल्या सगळ्यांच्या घरचा आहे.

कोणी म्हणेल, “मारल्याशिवाय मूल सुधारत नाही.” हेही तपासून झाले आहे. ढुंगणावर किंवा हातापायांवर चापट्या मारण्याचा मुलांवर काय परिणाम होतो, यावर निरनिराळ्या ठिकाणी झालेले ७५ अभ्यास अमेरिकेतील दोन संशोधकांनी २०१६ साली एकत्र केले. त्यांत दीड लाखाहून अधिक मुलांची माहिती होती. मारामुळे मूल अधिक शहाणे होते, असे काही दिसले नाही. उलट मार खाणारी मुले अधिक हट्टी, अधिक भांडखोर आणि मनाने खचलेली आढळली. मार बसला की मूल तेवढ्यापुरते थांबते. पण का थांबायचे, हे त्याला कळत नाही. मारणारा दिसेनासा झाला की ते पुन्हा तेच करते.

एल्मायरा गावची गोष्ट

अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचे राज्य आहे. त्या राज्यात एल्मायरा नावाचे एक लहान शहर आहे. १९७० नंतरच्या काळात तिथे धंदे बसले होते. गरिबी वाढली होती. मुलांना मारहाण आणि त्यांची हेळसांड यांच्या तक्रारी त्या भागात फार होत्या.

डेव्हिड ओल्ड्स नावाचे एक संशोधक होते. तरुणपणी त्यांनी बाल्टिमोर शहरात लहान मुलांच्या केंद्रात काम केले होते. तिथे त्यांच्या मनात एक गोष्ट भरली. चार वर्षांचे मूल आपल्याकडे येते, तोवर काही मुलांचे फार नुकसान होऊन गेलेले असते. मग मदत आधीच का करू नये? मूल पोटात असतानाच का सुरुवात करू नये?

त्यांनी १९७८ साली एल्मायरात काम सुरू केले. पहिलटकरीण असलेल्या ४०० बाया त्यांनी निवडल्या. त्यांतील बऱ्याच जणी वयाने कोवळ्या होत्या, गरीब होत्या, किंवा नवऱ्याचा आधार नसलेल्या होत्या. त्यांतील काही जणींच्या घरी परिचारिका, म्हणजे नर्सबाई, जाऊ लागली. गरोदरपणात सरासरी ९ वेळा, आणि बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत सरासरी २३ वेळा ती गेली.

ती तिथे जाऊन काय करी? ती आधी आईची विचारपूस करी. काय खातेस, झोप लागते का, कसली काळजी आहे, हे ऐकून घेई. विडी-सिगारेट ओढणारीला ती सोडायला सांगे. बाळ जन्मल्यावर ते कशासाठी रडते, भूक लागली की कसे करते, झोप आली की कसे करते, हे आईला दाखवी. कोणत्या वयाच्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवावी, हे समजावी. आजीला, नवऱ्याला, मैत्रिणीला जवळ बसवून घेई, म्हणजे आईच्या मागे माणसे उभी राहावीत. पुढचे मूल केव्हा हवे, कामधंदा कोणता करायचा, याचाही विचार आईबरोबर करी. ती दोष काढायला जात नसे. ती मैत्रीण म्हणून जात असे.

चिठ्ठ्या कशासाठी टाकल्या?

आता एक शंका येईल. नर्सबाईंमुळेच फरक पडला हे कशावरून? कदाचित त्या आया मुळातच शहाण्या असतील.

शेतकरी नवे बियाणे कसे पारखतो? एकाच शेताच्या एका भागात तो नवे बी पेरतो. दुसऱ्या भागात जुने पेरतो. जमीन तीच, पाऊस तोच. मग पिकात फरक पडला तर तो बियाण्याचा, हे कळते.

ओल्ड्स यांनीही तसेच केले. कोणाच्या घरी नर्स जाणार, हे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले. काही जणींना फक्त मुलाची तपासणी किंवा दवाखान्यात जाण्यायेण्याचे वाहन मिळाले. काहींच्या घरी नर्स बाळंतपणापर्यंत गेली. काहींच्या घरी ती दोन वर्षे जात राहिली. कोणी कोणाला वशिल्याने निवडले नाही. म्हणून पुढे दिसलेला फरक नर्सबाईच्या भेटींचा, असे म्हणता आले.

पंधरा वर्षांनी काय दिसले?

भेटी दोन वर्षांनी थांबल्या. पण संशोधकांनी त्या कुटुंबांचा माग सोडला नाही. मुले १५ वर्षांची झाली तेव्हा त्यांनी सरकारी दप्तर तपासले. ज्या घरी नर्स दोन वर्षे गेली होती, तिथे मुलांना मारहाण किंवा हेळसांड झाल्याच्या खऱ्या ठरलेल्या तक्रारी जवळजवळ निम्म्याने कमी होत्या. हा निष्कर्ष १९९७ साली छापला गेला.

वाचकहो, दोन वर्षांची मदत पंधरा वर्षे पुरली! कारण नर्सबाईने घरात वस्तू ठेवली नव्हती. तिने आईच्या हाती समज आणि धीर ठेवला होता.

जिथे उपाय लागू पडला नाही

खरे सांगायचे तर हा उपाय सगळीकडे सारखा लागू पडला नाही. एल्मायरातीलच एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या घरांत बाईला वारंवार मारहाण होत होती, त्या घरांत नर्सबाईच्या भेटींनीही मुलांची तक्रार कमी झाली नाही. हे २००० साली दाखवून देण्यात आले. यावरून काय शिकायचे? बायकोवर उठलेला हात शेवटी मुलापर्यंत पोचतो. जी स्वतः भीतीत जगते, तिने मुलाला निर्भय कसे ठेवावे? म्हणून मुलाला वाचवायचे तर आधी आईला मार बसता कामा नये. हे पुरुषांनी विशेष ध्यानात घ्यावे.

पुढे हाच प्रयोग इतर ठिकाणी झाला. इंग्लंडातील निष्कर्ष २०१६ साली छापून आले. तिथे ज्या मुख्य गोष्टी तपासल्या, त्यांत जादा फायदा दिसला नाही. पण त्या देशात प्रत्येक आईला सुईण व आरोग्यसेविका यांची मदत आधीपासूनच मिळते. भरल्या विहिरीत घागर ओतली तर पाणी वाढलेले दिसत नाही. कोरड्या रांजणात ओतली तर दिसते.

आफ्रिकेतील खेडी

तुम्ही म्हणाल, “अमेरिका श्रीमंत देश. तिथे नर्सबाई घरी येते. आमच्या खेड्यात हे कसे जमणार?”

म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. दक्षिण आफ्रिका देशात ईस्टर्न केप नावाचा प्रांत आहे. तिथे गरिबी आहे. रोगराईने पुष्कळ घरांतील कर्ती माणसे गेली. अनेक घरांत नातवंडांना आजीच सांभाळते. तिथल्या खोसा भाषेत ‘सिनोवुयो’ म्हणजे ‘आमच्याजवळ आनंद आहे’. या नावाने एक वर्ग काढला. १० ते १८ वर्षांची मुले आणि त्यांना सांभाळणारे मोठे माणूस, असे दोघेही या वर्गाला येत. आठवड्याला एक, असे १४ वर्ग होते. शिकवणारे कोणी मोठे पदवीधर नव्हते. तिथलीच माणसे निवडून त्यांना शिकवून तयार केले होते. जो वर्गाला येऊ शकला नाही, त्याच्या घरी जाऊन धडा सांगत.

इथेही चिठ्ठ्यांचीच रीत होती. ४० गावे व वस्त्या आणि ५५२ कुटुंबे यांत होती. निम्म्या गावांत वर्ग झाले, निम्म्यांत झाले नाहीत. २०१८ साली निष्कर्ष छापले गेले. वर्ग संपल्यावर काही महिन्यांनी मोठ्या माणसांना विचारले, तेव्हा वर्ग झालेल्या गावांत मारहाण व छळ इतर गावांच्या मानाने बराच कमी होता. मुलांना विचारले तेव्हा मात्र फरक इतका ठळक दिसला नाही. मोठ्यांना आपला बदल जास्त वाटतो, असे होऊ शकते. पण आणखीही काही दिसले. मोठ्यांच्या मनावरचा ताण आणि उदासी कमी झाली. दारूचे प्रमाण उतरले. चार पैसे शिल्लक टाकण्याची सवय लागली. कारण वर्गात पैशाचा हिशेब कसा ठेवावा, हाही एक धडा होता. घरातील कटकट पैशावरूनही सुरू होते, हे त्यांनी ओळखले होते.

आधी भिंती, मग छप्पर

त्याच देशात लहान मुलांच्या आईबापांसाठीही अशीच शिकवण तयार झाली. तिच्यात तिथल्या गोल झोपडीचे चित्र दाखवतात. भिंती म्हणजे मुलाशी नाते. रोज थोडा वेळ त्याच्याबरोबर घालवणे, त्याचे ऐकणे, चांगले केले की तसे बोलून दाखवणे. छप्पर म्हणजे शिस्त. घराचे नियम, नाही म्हणणे, चुकीचा परिणाम भोगायला लावणे. भिंती नसतील तर छप्पर कशावर टेकणार? आपण पुष्कळदा नुसते छप्परच उचलून धरतो, आणि ते मुलाच्या डोक्यावर पडते.

आपल्या घरी काय करता येईल?

या साऱ्या वर्गांतून जे शिकवतात, त्यातील आपल्या उपयोगाचे थोडक्यात सांगतो.

१. रोज थोडा वेळ मुलाला द्या. दहा मिनिटे पुरे. भाकरी थापताना, गुरे सोडताना देखील चालेल. त्या वेळी उपदेश नको. मूल बोलेल ते ऐका.

२. चांगले केले की नाव घेऊन सांगा. “गणप्या, सांगितल्याबरोबर पाणी आणलंस, बरं वाटलं.” चुकले की आपण लगेच बोलतो. बरोबर केले की गप्प बसतो. हे उलटे करून पाहा.

३. काय करू नको, यापेक्षा काय कर ते सांगा. “धिंगाणा घालू नको” म्हटले तर मुलाला काय करावे ते कळत नाही. “इथं बसून शेंगा सोल” म्हटले तर कळते.

४. वय ओळखा. दोन वर्षांचे मूल सांडणारच. ते मुद्दाम त्रास देत नाही. तीन वर्षांचे मूल अंथरूण ओले करते, ते हट्टाने नव्हे.

५. मोठ्या मुलाने चूक केली तर ती त्याला निस्तरायला लावा. सांडले तर पुसू दे. मोडले तर जोडू दे. शिक्षा चुकीला शोभेल अशी असावी, आणि आधी सांगितलेली असावी.

६. राग अनावर झाला तर आधी स्वतः बाजूला व्हा. मूल सुरक्षित जागी ठेवा. दाराबाहेर जा, पाणी प्या, दहा दीर्घ श्वास घ्या. मग बोला.

७. तान्ह्या मुलाला कधीही गदगदा हलवू नका. हे फार महत्त्वाचे आहे. त्याची मान कच्ची असते. जोराने हलवले तर मेंदूत रक्तस्राव होतो. मूल आंधळे होते, अपंग होते, दगावतेही. बाळाचे रडणे दुसऱ्या महिन्यात सर्वांत जास्त असते. तीन-चार महिन्यांनी ते आपोआप कमी होते. बाळ रडते म्हणजे आई नालायक, असे नव्हे. ताप असेल, दूध घेत नसेल, किंवा मलूल पडले असेल तर मात्र लगेच दवाखान्यात न्यावे.

८. सांभाळणाऱ्याला सांभाळा. बाळंतिणीला दोन तास झोपू द्या. बापाने मूल घ्यावे. सासूने “आम्ही नाही का वाढवली?” असे म्हणण्याऐवजी “आण इकडे” म्हणावे. शेजारणीने दुपारी मूल खेळवावे. हेच आपल्या गावचे नर्सबाईचे काम.

आपल्याकडे वाट आहे

घरी जाऊन मदत करणे आपल्याला नवे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून तयार केले. त्या घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले, असे १९९९ साली छापून आले. ते काम बाळाचा जीव वाचवण्याचे होते, मारहाण थांबवण्याचे नव्हते. पण गावची बाई शिकून गावची मुले वाचवू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

आता बाळंतपण दवाखान्यात झाले तरी आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. तिला बाळाचे वजन तर विचाराच. पण “रात्रभर रडतं, माझा जीव मेटाकुटीला येतो, कधी कधी हात उठतो” हेही मोकळेपणी सांगा. सांगण्यात लाज नाही. लपवण्यात धोका आहे.

आणि एखाद्या मुलाचे हाल होताना दिसले तर? “त्यांच्या घरचा मामला” म्हणून पाठ फिरवू नका. १०९८ या क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत. मुलांच्या मदतीची ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली, आणि पुढे देशभर गेली. मूल स्वतःही हा फोन करू शकते. म्हणून हा क्रमांक मुलांना पाठ करून द्यावा. शाळेतही आता मारता येत नाही. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेत मुलाला मारण्याची व त्याचा मानसिक छळ करण्याची बंदी केली आहे.

शेवटी एवढेच

तो बाप आज माझ्यासमोर बसला असता, तर मी त्याला कायदा आधी सांगितला नसता. मी त्याला विचारले असते, “घरी कोण आजारी आहे? सकाळी पोराच्या वाट्याला काय काय काम येतं? तुम्हांला रात्री झोप लागते का?” मग आम्ही दोघांनी मिळून ठरवले असते की सकाळचे ते काम दुसरे कोण करील. कदाचित शेजारीण आली असती. कदाचित मीच त्या मुलाला तासभर उशिरा येण्याची मुभा दिली असती. छडी न उगारता ते पोर शाळेत राहिले असते.

तेव्हा मला हे सुचले नाही. आज तुम्ही हे वाचले आहे. तुमच्या शेजारी अशी एखादी दमलेली आई असेल, एखादा चिडलेला बाप असेल. उद्या त्यांच्या घरी जा. शिकवायला नको. “थोडा वेळ पोराला माझ्याकडे द्या” एवढेच म्हणा.